हातओळख

गेमिंग संगणकांच्या दुरुस्तीचं दुकान टाकून मला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकांनी सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "हेच वाढवून घेऊ, का नवीन घेऊ?" मशीन टेबलावर ठेवायच्या आधीच विचारतात. नाडी दाखवायच्या आधी डॉक्टरला "गोळी का ऑपरेशन?" विचारण्यातला प्रकार! मी आधी पेटी उघडते, पंख्यातली धूळ काढते, चहा सांगते आणि मग तोंड उघडते. उत्तर बहुतेक वेळा "वाढवून घ्या" हेच असतं. राजारामपुरीतले बाकीचे दुकानदार त्यावरून मला हसतात. "सुनेत्रा चौगुलेच्या दुकानात मशीन मरतच नाही," असं टोमण्यानं म्हणतात. मला तो टोमणा आवडतो.

२०४१च्या भाद्रपदात एका मंगळवारी सकाळी शैलेशदादा पोतदार आपलं मशीन वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून घेऊन आले. गणपती आणावा तसं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. शैलेशदादा म्हणजे गुजरीतले, कोल्हापूरच्या सराफ बाजारातले सोनार. कोल्हापुरी साज हातानं घडवणारी जी चार-पाच माणसं अजून उरलीत, त्यांतले एक. वय छप्पन्न. या वयाचा माणूस गेम खेळतो याचं आता कुणाला नवल वाटत नाही, कारण ही पिढी खेळत खेळतच म्हातारी झाली. दर सोमवारी, बाजार बंद असतो तेव्हा, गुजरीतले पाच सोनार 'गलबत' खेळतात. समुद्रावरची लढाई, पाच-पाच जणांचे दोन तांडे. दादा त्यांचे गोलंदाज. शत्रूची डोलकाठी दिसली रे दिसली की तोफ सोडायची आणि ती मोडायची, हे त्यांचं काम. गेल्या सहा वर्षांत त्यांच्या तोडीचा गोलंदाज दर दसऱ्याला सामन्याला येणाऱ्या बेळगावकरांनाही मिळालेला नाही.

"सुनेत्रा, फैसला कर गं बाई," मशीन टेबलावर ठेवत ते म्हणाले. "दसऱ्याला गलबताची नवी आवृत्ती येणार. ती ह्याच्यावर चालायची न्हाई म्हंत्यात. तुझी वहिनी म्हंती, नवीन घ्या. माझा जीव होत न्हाई."

"का होत नाही?"

"अगं, हातात बसलंय. लोक जुना सोन्याचा डाग मोडीत घालाय येत्यात आन् काउंटरवर रडत्यात. तीस वर्षं मी ते बगतोय आन् मनात हसतोय. आता माझ्यावर आली. मोडीत घातलं की सोन्यात घट येती, ती काट्यावर मोजता येती. घडण जाती, ती कशात मोजायची?"

"मी बघतो," मी म्हटलं. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'बघतो, करतो'च म्हणतात. परगावच्यांनी हसू नये.

दादांचा जीव कशात अडकला होता ते सांगायला हवं. या मशीनमध्ये हातओळख चिप आहे. साध्या संगणकात आठवण एका जागी राहते आणि आकडेमोड दुसऱ्या जागी होते. हातओळख चिपमध्ये दोन्ही एकाच जागी. तिच्या पोटात लाखो बारीक जोड असतात. ज्या जोडातून वीज पुन्हा पुन्हा जाते, त्याचा अडथळा कमी होत जातो. रोज माणसं गेली की गवतात पायवाट पडते, तेवढी साधी गोष्ट. खेळणारा दोन्ही मनगटांना एकेक पट्टी बांधतो. बोट हलायच्या आधी पन्नास-साठ मिलिसेकंद हाताच्या स्नायूत वीज उठते, ती पट्टीतून चिपला कळते. कुठली वीज म्हणजे 'तोफ सोड' आणि कुठली म्हणजे नुसतं खाजवणं, हे चिप शिकत जाते. काही आठवड्यांत बोट कळीवर टेकायच्या आत गोळा सुटलेला असतो. संगणक आणि पडदा मिळून जो थोडा उशीर लावतात, तो भरून काढायला ही युक्ती निघाली होती.

पण एक गोम आहे. कारखान्यातून दोन चिपा कधीच हुबेहूब सारख्या निघत नाहीत. प्रत्येकीचे जोड थोडे कमीजास्त असतात आणि प्रत्येक चिप आपल्या त्या वाकड्यातिकड्या जोडांसकट शिकते. त्यामुळे एकीचं शिकलेलं दुसरीत उतरवता येत नाही. चिप मदरबोर्डावर झाळलेली, म्हणजे डाख लावून पक्की केलेली असते आणि नव्या आवृत्तीला पूर्ण ताकदीनं चालायला मदरबोर्डही नवा हवा. म्हणजे नवीन मशीन घेतलं की चिप कोरी. जुनं ठेवायचं तर एक जोडपट्टी लावून नवं ग्राफिक्स कार्ड बसवता आलं असतं. चित्र जरा फिकं दिसलं असतं, पण हात तोच राहिला असता.

"आधी नवीन तर खेळून बघा," म्हणून मी त्यांना दुकानातल्या नमुन्याच्या मशीनवर बसवलं. पट्टी बांधली. वीस डोलकाठ्यांचा सराव लावला.

त्यांनी तीन मोडल्या.

कोऱ्या चिपवर पहिल्यांदा बसणाराही दहा तरी मोडतो. मला वाटलं पट्टी सैल आहे. आवळली. पुन्हा तीन. मग मी स्वतः बसले. सगळ्या कोल्हापुरात माझ्याइतकं वाईट कुणी खेळत नसेल, तरी मी अकरा मोडल्या.

"ह्यात जीवच न्हाई," दादा पट्टी सोडत म्हणाले. आवाजात सुटका होती. "ठरलं तर मग. माझंच वाढव. कार्ड घाल, काय घालायचं ते घाल. दसऱ्याला बेळगावकर येणार हायत."

मशीन ठेवून ते गेले. मी खूश होते, माझंच नेहमीचं उत्तर बरोबर ठरलं होतं. फक्त तो तीनचा आकडा काही डोक्यातून जाईना. म्हणून कार्ड मागवायच्या आधी मी मशीन तपासणीला जोडलं आणि हातओळखीची नोंद उघडली. ही नोंद सहसा कुणी बघत नाही. चिपनं रोज प्रत्येक हाताला किती मिलिसेकंदांची मदत केली, एवढंच तीत असतं.

सहा वर्षांपूर्वी दोन्ही हातांना वीस-वीस. डाव्याची रेघ आजपर्यंत जवळजवळ सरळ, पंचवीसवर. उजव्याची रेघ पहिलं वर्ष सरळ, मग हळूहळू चढत गेलेली. चाळीस. सत्तर. एकशे तीस. शेवटच्या सोमवारी दोनशे दहा. डोळा मिटून उघडायला लागतो साधारण तेवढा वेळ. शैलेशदादांचा उजवा हात तेवढा मागे पडला होता आणि मशीन गुपचूप तेवढं पुढे सरकलं होतं. स्नायूतली वीज क्षीण होत गेली तशी चिप आणखी क्षीण वीज ओळखायला शिकली. दादांना पडद्यावर दिसत होतं ते एवढंच की आपण अजून पहिल्यासारखे खेळतो.

नोंदीत तीन वर्षांपूर्वीची एक तांबडी ओळ होती. 'उजव्या हाताला लागणारी मदत मर्यादेबाहेर गेली आहे. कृपया हात तज्ज्ञांना दाखवा.' तिच्याखाली बारीक अक्षरात: 'मर्यादा उघडी केली. सूचना कायमची बंद. सु. चौ.'

सु. चौ. म्हणजे मीच.

मला ते साल आठवलं. दादा तेव्हा म्हणाले होते, "हल्ली जरा अडकतंय गं." आमच्या धंद्यात एक रीत आहे. सर्व्हिसिंग झालं की मशीन परत देण्याआधी आम्ही त्यातल्या सगळ्या सूचना बंद करून देतो. हे नवं करा, ते तपासा, अमुक संपत आलंय, असं मशीननं सारखं टोकलेलं गिऱ्हाइकाला खपत नाही. मशीन गप्प राहिलं की लोक म्हणतात, सुनेत्राचं काम चोख. त्या दिवशी मी तेच केलं, आणि अडकणं थांबावं म्हणून मदतीची मर्यादाही काढून टाकली. ती ओळ वाचलीसुद्धा नसेल. अडकणं थांबलं म्हणून वहिनींनी बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला होता. तो मी दोन दिवसांत फस्त केला.

माझा मावसभाऊ हेमंत मिरजेला मेंदूचा डॉक्टर आहे. त्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यानं तीनच प्रश्न विचारले. "हात थरथरतो?"

"नाही. म्हणून तर..."

"अक्षर?"

मशीनला दादांनी नावाची चिठ्ठी चिकटवली होती. अक्षर मुंगीएवढं. मी आजवर समजत होते की सोनाराला बारीक कामाची सवय, म्हणून.

"चालताना तो हात हलतो?"

मी डोळे मिटून त्यांना दुकानातून जाताना आठवलं. डावा हात हलत होता. उजवा नुसता लोंबत होता.

"न थरथरणाराही कंपवात असतो," हेमंत म्हणाला. "लोकांना तो ओळखूच येत नाही. म्हातारपण समजून सोडून देतात. आता औषधं चांगली आहेत, लवकर सुरू केली तर रोग बराचसा रोखून धरतात. घेऊन ये त्यांना."

"लवकर म्हणजे किती लवकर?"

"दोन-तीन वर्षांपूर्वी आले असते तर फार बरं झालं असतं."

फोन ठेवल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मनात रोज एक सोयीचा विचार यायचा. कार्ड बसवावं, मशीन देऊन टाकावं आणि वहिनींना नुसतं म्हणावं, 'एकदा दादांची तब्येत दाखवून घ्या हं.' म्हणजे माझं नाव कुठे येणार नाही. तिसऱ्या दिवशी मला माझाच राग आला. मशीन साडीत गुंडाळलं आणि गुजरी गाठली.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दादा पुढे बसून साजातलं कासवाचं पान घासत होते. कानस इतकी सावकाश चालली होती की मला आधी ते थांबलेत असंच वाटलं.

"बग," मान वर न करता ते म्हणाले. "पूर्वी दिवसाला सहा पानं व्हायची. आता दोनच होत्यात. पण काम बग! हात शांत झालाय आता. वय झाल्यावर सोनाराचा हात बसतो म्हंत्यात ते खोटं न्हाई."

कासवाची नखंसुद्धा दिसत होती. खोट काढायला जागा नव्हती. म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती. गुजरीत सावकाश हाताला लोक नावाजतात. मिलिसेकंद मोजणारं तिथं कोण होतं?

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. वर्षावहिनी कॉफी करत होत्या. त्यांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "सुनेत्रा, तुला एक विचारू? तुझ्याशी बोलतात ते. माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

"काय म्हणणार?"

"दोन वर्षं झाली, माझ्यावर कशाचा तरी राग धरून बसलेत. पुतण्याच्या लग्नात सगळा मांडव हसून लोळत होता, आणि हे आपले भिंतीसारखे बघत उभे. नवी साडी नेसून समोर गेले तरी तेच तोंड. काय चुकलं विचारलं तर म्हणतात, काही नाही. आणि ते म्हणतानाही तोंड तसंच. पस्तीस वर्षं संसार केला गं मी. आता कुणाला सांगू हे?"

हेमंतनं चौथा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर तो हाच असता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढे घेऊन आले.

"दादा, एक गंमत करा," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे मशीन लावलं. मदत पूर्ण बंद केली होती. "दिवा लागला की कळ दाबायची. दहादा डाव्या हातानं, दहादा उजव्या."

डाव्यानं त्यांनी सहज दाबल्या. उजव्याची पहिली कळ दाबली, दुसरी दाबली, तिसऱ्या वेळी दिवा लागून विझला तरी बोट तिथंच. ते बोटाकडे बघत राहिले. मग घाईनं पट्टी चाचपली.

"तू काय तरी बिगडवलंस ह्यात."

"मी मदत बंद केली. बाकी काही नाही."

"कसली मदत?"

मी ती रेघ दाखवली. वीसपासून दोनशे दहापर्यंत. मला समजलं होतं तेवढं सगळं सांगितलं, हेमंतचं बोलणंही सांगितलं. आणि मग ती तांबडी ओळ आणि खालची माझी सही दाखवली.

शैलेशदादांनी सही दोनदा वाचली.

"तीन वर्षं," ते म्हणाले. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण आवाज चढत गेला. "मशीन बोंबलून सांगत हुतं आन् तू त्याचं तोंड बांधलंस? मला वाटत हुतं मी खेळतोय! सोन्यात भेसळ केल्याली कळली तर सोनाराला गुजरीत कुणी उभं करत न्हाई. तू माझ्या हातात भेसळ केलीस सुनेत्रा. ऊठ. चल."

मी उठले. पण वहिनी मध्ये आल्या.

"थांब. तोंडाचं पण त्यातलंच का?"

"हो वहिनी. चेहऱ्याचे स्नायूही त्यातच येतात."

"म्हणजे राग नव्हता?" त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "बाई गं! दोन वर्षं मी स्वतःला खात होते. रोज वाटायचं, आपल्यालाच कंटाळलेत."

दादांना काही उमगेना. ते वहिनींकडे बघत होते. "कसला राग? मी कवा रागावलो? लग्नात तर मी हसून हसून दमलो हुतो."

"तुम्ही हसला नाहीत हो," वहिनी म्हणाल्या. "एकदासुद्धा."

सोनाराच्या दुकानात आरसा असतो तो गिऱ्हाइकासाठी. दादांनी तो ओढून आपल्यापुढे घेतला. बराच वेळ त्यात बघितलं. मग हसायचा प्रयत्न केला. आम्ही दोघी बघत होतो. ओठाची डावी कड तेवढी हलली. त्यांनी आरसा पालथा घातला. मला म्हणाले, "तू जा आता." या वेळी आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच मला जास्त लागला. मी मशीन तिथंच ठेवून आले.

पुढचे एकोणीस दिवस दादांचा फोन नाही, निरोप नाही. हेमंतकडून कळत होतं. ते मिरजेला गेले होते, निदान ठरलं होतं, औषध सुरू झालं होतं. पण औषध किती आणि दिवसातून कधी द्यायचं हे प्रत्येकाच्या नसांप्रमाणे बदलतं. ते अंदाजानं जमवत जायला वर्षभर लागतं आणि तेवढ्या काळात रोग आपली जागा आणखी वाढवतो. हेमंतला दादांची चिप हवी होती. मदतीच्या नोंदीत रोजचा एकच आकडा असतो. चिपच्या पोटात मात्र सहा वर्षांतली हाताची पायवाट जशीच्या तशी होती, मेंदूनं कधी काय सांगितलं आणि हातानं ते कसं ऐकलं, सगळं. ते वाचता आलं तर औषध पहिल्या महिन्यातच बेतता आलं असतं. फक्त ते वाचायला चिपचा थर न् थर खरवडावा लागतो. वाचून झालं की चिप उरत नाही.

विसाव्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी दुकानात आले. मशीन साडीत होतंच.

दादा खुर्चीत बसले. चहा नको म्हणाले. मी समोर उभीच.

"कार्ड घालून वाढवता येतंय अजून?" त्यांनी विचारलं.

"येतंय. आजच बसवतो. दसऱ्याला पहिल्यासारखं खेळाल. बघणाऱ्याला काही कळणार नाही."

"आन् चिप डाक्टरला दिली तर?"

"मशीन गेलं. नवीन घ्यावं लागेल. कोऱ्या चिपवर तुमच्या त्या तीनच डोलकाठ्या. औषधानं हात सुधारेल तशा वाढतील. किती वाढतील ते मला सांगता येत नाही, दादा."

वहिनींनी येतानाच ठरवलं असावं, की यात आपण बोलायचं नाही. दादा मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून होते. मला वाटलं होतं, औषधासाठी चिप द्यायची यात विचार करण्यासारखं काय आहे? पण त्यांच्याकडे बघताना कळत होतं की आहे. त्या पेटीत त्यांचा धडधाकट हात होता. जगात दुसरीकडे तो कुठेच नव्हता.

"मला एक सांग," ते म्हणाले. "ह्याच्यात माझा हात कुठल्या सालचा हाय?"

"सगळ्या सालांचा आहे. पण खेळतो तो पन्नाशीतला."

"म्हंजे सोमवारी डोलकाठ्या मोडतोय तो पन्नाशीतला शैलेश. मी नुसता खुर्चीत बसतोय." त्यांनी पत्र्यावरून हात उचलला. "काल मी बाकीच्या चौघांना सांगितलं. एक जण म्हणाला, भावा, दसरा हू दे, मग बगू. लई प्रेमानं म्हणाला. मला रडायला आलं. असलं प्रेम घिऊन मी आणखी तीन वर्षं काढीन की."

त्यांनी साडी सोडली. "काढ चिप."

मी पेटी उघडली, झाळकामाची गरम हवेची पिचकारी घेतली, चिपपर्यंत नेली आणि परत टेबलावर ठेवली. चिपच्या कडेला केसाएवढे दोनशेच्या वर जोड. एक जरी जास्त तापला तर आतली पायवाट पुसली जाणार. हे काम मी शेकडो वेळा केलंय. पण आधीच एकदा या माणसाचं नुकसान केलेलं होतं, दुसऱ्यांदा करायची हिंमत होईना.

"सरक," दादा म्हणाले. "झाळ बगितली मी. बारीक हाय. सोनाराचं काम हाय ते."

"दादा, उजव्या हातानं..."

"सावकाश कराय पायजे का न्हाई?"

"पाहिजे."

"मग आता कोल्हापुरात माझ्याएवढा सावकाश कोण हाय?"

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मी बाजूला उभी राहून तापमान वाचून सांगत होते. पिचकारी डाव्या हातात, चिमटा उजव्या. उजवा हात एका जोडावरून दुसऱ्यावर जायला इतका वेळ घ्यायचा की मला दोनदा वाटलं, आता हा पुढे जाणारच नाही. पण तो जायचा. थरथर नव्हती, घाई तर नव्हतीच. चाळीस मिनिटं लागली. वहिनींनी मध्येच पुढे होऊन त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. शेवटी नखाएवढी चिप मोकळी होऊन चिमट्यात आली. एकही जोड करपला नव्हता. दादांनी खिशातून सोनाराचा गुलाबी कागद काढला, त्यात ती गुंडाळली आणि पुडी वहिनींच्या हातात दिली. नीट धर म्हणून सांगितलं.

"आता नवीन दाव," ते मला म्हणाले.

मी नवं मशीन लावलं. पट्टी बांधली. हातओळख पहिल्यांदा सुरू करताना हाताचा मूळ वेग मोजून घेते, दहादा दिवा आणि दहादा कळ. दहातल्या सगळ्यांत वाईट तीन वेळा गाळायची सोय त्यात आहे. आम्ही दुकानदार ती नेहमी वापरतो, आकडा बरा दिसतो आणि गिऱ्हाईक आनंदानं घरी जातं. माझं बोट सवयीनं तिकडे गेलं.

दादांनी ते बघितलं. "काय करतीस?"

"वाईट तीन गाळायचे का, विचारतंय मशीन."

"न्हाई. दहाच्या दहा धर."

वहिनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून मोठ्यानं मोजायला लागल्या. एक. दोन. प्रत्येक दिवा आणि कळ यांच्यामध्ये जागा पडत होती, आणि ती जागा तिघांनाही दिसत होती. सातव्याला दिवा विझून गेला तरी बोट पोचलं नाही. "सात," वहिनी म्हणाल्या आणि मोजत राहिल्या. दहा झाले. पडद्यावर आकडा आला. चारशे बारा मिलिसेकंद.

दादांनी तो तोंडानं वाचला. मग मला म्हणाले, "लिहून ठेव. तारीख घाल."

मी लिहिलं. त्यांनी मनगटाची पट्टी स्वतः सोडली. एकट्या डाव्या हातानं बक्कल निघेना, तरी आम्हा दोघींना हात लावू दिला नाही.

"दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घरी यायचंस," ते उठताना म्हणाले. "माझा हात तू मोजायचास. दुसऱ्या कुणाकडनं मी मोजून घेणार न्हाई. आन् जे येईल ते माझ्या तोंडावर सांगायचं."

मी रडत होते. दादा थांबून राहिले, माझं रडणं होईपर्यंत. मग पुन्हा विचारलं, "येणार का न्हाई?"

"येतो," मी म्हटलं.